त्रेसष्टावी ओळ : सोलापुरातल्या एका पितळी भेटीचे प्रकरण

मुलगा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला. डिप्लोमा झालेला, हाताला ड्रिल आणि कानशीची सवय. मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि काम चादरीच्या कारखान्यात डिझाइनचे. साखरपुडा झालेला, लग्न मे महिन्यात. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी तिला स्वतःच्या हाताने घडवलेली धातूची वस्तू द्यायची, एवढेच त्याने ठरवले होते. हाताशी सात आठवडे, त्यातही फक्त रविवार आणि संध्याकाळचे दोन तास.

त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आले ते तांब्याचे कडे. पुढे तोंड उघडे, मनगटावर दाबून बसवायचे, आणि त्यावर जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या कार्डासारखी भोके पाडून फुलाचे चित्र. कल्पना दिसायला गोड होती, पण तीन ठिकाणी फसलेली होती, आणि तिन्ही कारणे वेगवेगळ्या जातीची होती.

एक, धातूचे. उघड्या तोंडाचे कडे घालता-काढताना सगळा वाक तोंडाच्या बरोबर समोर, म्हणजे मध्यभागी येतो. फुलही तिथेच काढायचे होते. भोकांच्या ओळीत पत्रा कमकुवत होतो. वाकवताना तो गोल वळत नाही, भोकाभोकाशी मोडत जातो आणि कडे षटकोनी दिसू लागते. पुढे रोजच्या घालण्या-काढण्याने त्याच ओळीत बारीक चीर पडते. आधी वाकवून मग भोके पाडावीत तर गोल पृष्ठभागावर ड्रिलचे बिट घसरते. भोके पाडलेली पट्टी तापवून मऊ करायची, मागे साधी पट्टी लावून लाकडी मोगरीने दोन्ही एकत्र वळवायच्या, असा मार्ग आहे. पण चीर पडण्याचा धोका त्यानेही जात नाही.

दुसरे कारण हवेचे आणि कामाच्या जागेचे. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात घामाने तांब्याचे क्षार होतात आणि मनगटावर हिरवा पट्टा उठतो. तो साबणाने जातो, अपाय काही नाही, पण लग्नाच्या महिन्यात कुणाला हवा? जर्मन सिल्व्हर घ्यावे तर त्यात चांदी औषधालाही नसते. तांबे, जस्त आणि निकेल असते, आणि निकेलने कित्येकांच्या कातडीला खाज सुटते. शिवाय ही मुलगी दिवसातून दहा वेळा मागावर जाते. चालत्या मागाशेजारी कडे, लोंबती साखळी किंवा सुटी ओढणी म्हणजे अपघाताला निमंत्रण. अंगावर घालायची वस्तू तिथेच बाद झाली. पेंडंटचा विचारही त्याच कारणाने गेला.

तिसरे कारण सर्वांत लाजिरवाणे, आणि ते कारखान्यातल्या कार्ड पाडणाऱ्या म्हाताऱ्या मामांनी सांगितले. कागदावरचे फूल पाहून ते म्हणाले, "एका कार्डात फूल दिसतंय व्हय? एक कार्ड म्हणजे एक धागा, बाळा."

हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. जॅकार्डवर बाण्याचा प्रत्येक आडवा धागा जाताना एक कार्ड समोर येते. कार्डात जिथे भोक आहे तिथे सुई आत शिरते, तिचा हूक वरच्या पातीत अडकून राहतो आणि ताण्याचा तो उभा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही तिथे कार्ड सुईला मागे ढकलते, हूक सुटतो, धागा खालीच राहतो. म्हणजे ग्राफवरच्या, चौकटींच्या कागदावर काढलेल्या, फुलाच्या १२० आडव्या ओळी असतील तर १२० कार्डे. ग्राफच्या एका ओळीतल्या चौकटी कार्डावर सरळ रेषेत येत नाहीत, आठ-आठच्या उभ्या रकान्यांत घडी घालून येतात. ४०० हुकांच्या म्हणवल्या जाणाऱ्या जॅकार्डवर आठ भोकांचे एकावन्न रकाने, म्हणजे प्रत्यक्षात ४०८ जागा असतात. कार्डाकडे पाहून फूल ओळखणे हे अंगठ्याच्या ठशावरून चेहरा ओळखण्यासारखे. ज्या मुलीचे रोजचे काम हे, तिला फुलाचे चित्र असलेले "कार्ड" दिले असते तर ती हसली असती. प्रेमाने हसली असती, पण हसलीच असती.

आपले मत स्पष्ट आहे : ज्याला द्यायचे त्याच्या कामातली खूण घ्यायची असेल तर ती त्याच्या नजरेला बरोबर उतरली पाहिजे. नाहीतर सरळ बदाम काढावा. बदामात कुणी चूक काढत नाही.

वस्तू ठरली कशी

ग्राफ हल्ली संगणकावर बनतो. पण या कारखान्यात तपासणी छापील कागदावर होते, आणि ओळ चुकू नये म्हणून मुलगी वाचायच्या ओळीखाली पट्टी सरकवत जाते. पट्टी शाळेतली, प्लॅस्टिकची, एका टोकाला तुटलेली. ही गोष्ट त्याला आधीपासून माहीत होती. भेटीच्या विचारात ती आलीच नव्हती. वस्तू ठरली : पितळेची ग्राफपट्टी, आणि तिच्यावर तिच्याच डिझाइनमधल्या एका ओळीचे खरे कार्ड.

कोणती ओळ? त्याला १४ वी हवी होती, साखरपुडा १४ तारखेचा म्हणून. पण त्या डिझाइनच्या १४ व्या ओळीत नुसती जमीन, म्हणजे फुलाभोवतीची साधी वीण होती, फुलाचा पत्ता नाही. निवड झाली ६३ व्या ओळीची, आणि तिचे कारण चांगले आहे. या ओळीत सर्वांत रुंद पाकळी येते, ७३ व्या चौकटीपासून १२० व्यापर्यंत, सलग ४८ चौकटी. पहिल्या नमुन्यात त्या ४८ धाग्यांपैकी एकही उचलला जात नव्हता, त्यामुळे बाण्याचा धागा तेवढ्या रुंदीत वरच्यावर सुटा पडला होता. असा धागा नखात, बांगडीत अडकतो आणि पहिल्या धुण्यातच ओढला जातो. तिने पाकळीत दर आठव्या चौकटीला एक टाका दिला, म्हणजे तेवढा धागा उचलून सुटा बाणा बांधून टाकला. दोन दिवस ती घरीदारी त्याच ओळीबद्दल बोलत होती.

आता गंमत पाहा. टाके आठ-आठच्या अंतराने आहेत आणि कार्डाचे रकानेही आठाचेच आहेत, म्हणून घडी घातल्यावर सहाही टाके एकाच आडव्या रेषेत येतात. जमिनीत एकाआड एक धागा उचललेला, तेव्हा तिथे प्रत्येक रकान्यात पहिले, तिसरे, पाचवे, सातवे अशी चार भोके. म्हणजे पट्टीवर डावीकडून ठिपक्यांच्या चार समांतर रेघा येतात, मध्ये दहाव्या ते पंधराव्या रकान्यात तीन थांबतात, पाचव्या स्थानाची एकच रेघ पुढे जाते, आणि पलीकडे पुन्हा चार होतात. ती एकटी चालत गेलेली रेघ म्हणजे तिची दुरुस्ती. मुद्दाम रचून इतके सुबक जमले नसते.

डिझाइन कारखान्याच्या मालकीचे, तेव्हा ओळ उचलणे बरे का, हा प्रश्न त्याला पडला होता. एका ओळीवरून चादर विणता येत नाही. तरी मालकांना विचारून घेतले ते योग्यच.

मोजणी

ओळ १९२ चौकटींची, म्हणजे २४ रकाने. पहिल्या मोजणीत भोके निघाली १२१. आकडा फार वाटला म्हणून मामांना दाखवला, आणि चूक तिथे सापडली. रंगवलेली चौकट म्हणजे भोक असे त्याने धरले होते. या कारखान्यात रंग म्हणजे बाणा वर, आणि भोक पांढऱ्या चौकटीला. काही ठिकाणी रीत नेमकी उलट असते. म्हणून विचारल्याशिवाय मोजू नये. पांढऱ्या चौकटी ७१ भरल्या : जमिनीच्या अठरा रकान्यांत प्रत्येकी चारप्रमाणे ७२ झाल्या असत्या, पण उजवीकडच्या एका कळीमुळे सात कमी, म्हणून ६५, त्यात सहा टाके. हा हिशेब मिळाल्याशिवाय पत्र्याला हात लावला नाही.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते. कार्डाचा एक नंबरचा कोपरा कोणता? माग आणि जॅकार्डच्या बसवणीप्रमाणे तो बदलतो. कोपरा चुकला तर कार्ड उलटे वाचले जाते, आणि पाहणारी वाचता येणारी आहे.

मापे, आणि पुठ्ठ्याने दिलेला चकवा

भोकांमधले अंतर ३.५ मिमी, भोक १.८ मिमी. २४ रकान्यांची लांबी पहिल्या केंद्रापासून शेवटच्यापर्यंत ८०.५ मिमी, आठ ओळींची उंची २४.५ मिमी. कडा धरून भोकांचे क्षेत्र ८२.३ गुणिले २६.३ मिमी. पट्टी आधी २०० मिमी लांब ठरली होती. तिच्या टेबलाच्या खणात मावत नाही म्हणून १६० वर आली. रुंदी ३६.

चादरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची तेवढीच पट्टी कापून दोन दिवस जुन्या ग्राफवर वापरून पाहिली. छान चालली. पण पितळेचा १.६ मिमीचा तुकडा ग्राफवर ठेवून वाचायला बसल्यावर ओळ अर्धी दिसेना. कारण सरळ भूमितीचे आहे. वाचणारी व्यक्ती पट्टीच्या अलीकडे बसते आणि पट्टीच्या पलीकडच्या कडेवरून खाली पाहते. कडा कागदापासून जितकी उंच तितका पलीकडचा कागद झाकला जातो. पट्टीखाली ०.८ मिमीच्या चामड्याच्या चकत्या लावायच्या होत्या, म्हणजे वरची कडा २.४ मिमीवर. नजर उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली धरली तर १.४ मिमी कागद दिसत नाही. ग्राफची चौकट आहे अडीच मिमीची. पुठ्ठा जेमतेम अर्धा मिमी जाड होता, म्हणून त्याने ही अडचण दाखवलीच नाही. नमुना लांबी-रुंदीने बरोबर असून भागत नाही, जाडीनेही बरोबर हवा. दोन-तीन पुठ्ठे चिकटवले असते तर पहिल्याच दिवशी कळले असते.

उपाय दोन. चामडे ०.३ मिमीचे घेतले, चपला शिवणाऱ्याकडे अस्तराचे पातळ तुकडे मिळतात तसले. आणि वाचायच्या बाजूची कडा ६ मिमी रुंदीत उतरती करून टोकाला ०.५ मिमी ठेवली. आता कडा कागदापासून ०.८ मिमीवर, झाकला जातो अर्ध्या मिमीहून कमी कागद. उतार सुमारे साडेदहा अंशांचा.

पण ३६ मिमीच्या पट्टीत भोकांच्या वरखाली ४.८५ मिमीच उरत होते, म्हणजे सहा मिमीचा उतार पहिल्या ओळीतून गेला असता. रुंदी ४० केली आणि भोके मध्यातून खाली सरकवली : ६ मिमी उतार, ३ मिमी कोरी जागा, २६.३ मिमी भोके, खाली ४.७ मिमी. दिसायलाही हे आधीच्यापेक्षा बरे झाले.

पितळच का, तर ॲल्युमिनियम कागदावर राखाडी ओरखडे सोडते, लोखंड गंजते, तांबे मऊ असल्यामुळे टेबलावरून एकदा पडले की कोपरा दुमडतो. चांदीत हीच पट्टी शंभर ग्रॅमच्या जवळ जाते, आणि इतकी चांदी टेबलावर सोडून जेवायला जाता येत नाही. पितळही कागदाला थोडे काळे लावतेच, म्हणून खालून चामडे आणि सगळीकडे लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण. चामड्याच्या चकत्यांचा आणखी एक फायदा : टेबलाला सपाट चिकटलेली धातूची पट्टी नखाने उचलता येत नाही, किंचित वर असलेली येते. तयार पट्टीचे वजन ८० ग्रॅमच्या आसपास. पंख्याच्या वाऱ्याने ग्राफ उडत नाही इतपत.

पत्रा आणि कापणी

पत्रा गेजमध्ये मागू नये. गेजच्या दोन पद्धती आहेत : आपल्याकडच्या स्टँडर्ड वायर गेजमध्ये १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, अमेरिकन पद्धतीत १६ गेज म्हणजे १.२९. दुकानात जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपर घेऊन जावे आणि मिमीत बोलावे. पत्रा अर्धकडक घ्यावा. मऊ पत्रा सहज वाकतो आणि तसाच राहतो. कडक पत्रा मध्येच तापवला की मऊ होतो, तेव्हा या कामात बत्ती कुठेच लावायची नाही. काचेवर ठेवून कोपरे दाबून पाहावेत. डुगडुगला तर दुसरा घ्यावा. आणि एकाच वेळी दोन तुकडे कापून घ्यावेत. का, ते पुढे येईल.

हातकात्रीने १.६ मिमी कापायला जाऊ नये, कडा पिळली जाते. फॅब्रिकेशनवाल्याच्या शिअरिंग मशीनवर १६३ गुणिले ४३ चे तुकडे कापले. मशीनही एका बाजूची कडा किंचित गोल दाबते आणि दुसऱ्या बाजूला कुसळ काढते. दीड-दीड मिमी कानशीने जाणार हे धरूनच माप वाढवलेले. कानस शेवटी आडवी धरून लांबीच्या दिशेने ओढावी, म्हणजे कडेला लाटा येत नाहीत. ही पट्टी आहे, कडा सरळ नसेल तर बाकी सगळे व्यर्थ. ती काचेवर उभी धरून मागून उजेड पाहून तपासली.

एकाहत्तर भोके

जाळी संगणकावर काढून कागदावर छापली. प्रिंटर पानात बसवण्याच्या नावाखाली आकार दोन-तीन टक्के लहान करतो, म्हणून जाळीशेजारी १०० मिमीची रेघ छापून ती मोजली. कागद पांढऱ्या डिंकाने चिकटवला तर ओलीने ताणतो आणि रकाने सरकतात. रबर सोल्युशन वापरावे, त्यात पाणी नसते. कंपासने एकापुढे एक अंतर टाकत जायची हौस असेल तर ती आवरावी : प्रत्येक वेळी ०.१ मिमी चुकले तरी चोविसाव्या रकान्यापर्यंत २.३ मिमी चूक साठते. सगळी मापे एकाच टोकापासून घ्यावीत.

प्रत्येक केंद्रावर टोच्याने हलकी खूण, खाली लोखंडी ठोकळा. मग बेंच ड्रिलवर १ मिमीचे भोक, आणि त्यानंतर १.८ चे. हातातल्या ड्रिलने हे काम होत नाही, बिट भटकते. वेग मशीन देईल तितका जास्तीत जास्त. पितळेत नेहमीच्या बिटची एक खोड आहे : भोक पलीकडे निघता निघता धार पत्र्यात स्क्रूसारखी घुसते आणि अख्खा पत्रा वर उचलून फिरवते. बोटे असतील तर बोटेही. म्हणून पत्रा लाकडावर ठेवून शिकंज्यात पक्का, आणि बिटच्या दोन्ही धारांवर बारीक दगडाने एकेक घसरा देऊन त्यांचा खणणारा कोन मारून टाकायचा. बिट मग खरवडते, घुसत नाही. चष्मा लागतोच, पितळेचा भुसा सुईसारखा उडतो. १.८ चे चार बिट आणले होते, दोन मोडले, दोन्ही घाईच्या वेळी.

सर्व भोके झाल्यावर ६ मिमीचे बिट बोटांत धरून दोन्ही बाजूंनी प्रत्येक भोकावर दोन-दोन फेरे. कुसळ जाते आणि भोकाला बारीक, चकचकीत काठ येतो. सगळ्या भोकांवर फेरे सारखेच हवेत. एखाद्यावर पाच दिले की ते डोळ्यात भरते.

पहिल्या तुकड्यावर हे सारे चार तासांत झाले. मग तो तुकडा ग्राफच्या यादीशी ताडून पाहिला तेव्हा कळले की अठरावा आणि एकोणिसावा रकाना एकमेकांच्या जागी पडलेत. कळी नेमकी तिथे होती. सरळ जमिनीत असे झाले असते तर फरकच पडला नसता, कारण तिथले रकाने सारखे. चूक झाली ती जिथे आकडे बेडौल होते तिथे. चुकीची भोके निघाली पाच. पुठ्ठ्याच्या कार्डावर चुकलेल्या भोकाला कागद चिकटवून भागते. पितळेत भोकाचे दोन्ही काठ थोडे रुंदावून, पितळेची तार घालून, दोन्हीकडून ठोकून, कानशीने सपाट करता येते. पण पत्रा आणि तारेच्या पितळेचा रंग जरासा वेगळा असतो आणि काही महिन्यांनी काळेपणा चढताना ते वर्तुळ उठून दिसते. एखादे भोक असते तर चालून गेले असते. पाच नाहीत. दुसरा तुकडा घेतला. त्या वेळी मित्राला समोर बसवून त्याने रकाना वाचायचा, याने टोचा मारायचा, आणि झालेला रकाना यादीत खोडायचा, अशी शिस्त ठेवली. वेळ अडीच तास.

दोन्ही टोकांना ६ मिमीची खुंटीची भोके पाडली. खऱ्या कार्डाला ती असतात. जॅकार्डच्या सिलिंडरवरच्या खुंट्या त्यात बसतात. पातळ पत्र्यात एवढे बिट सरळ घातले की भोक गोल न होता तिकोनी होते, कारण टोक पलीकडे निघून गेल्यावर बिटला धरायला काही उरत नाही. पत्रा दोन लाकडी फळ्यांत दाबून ५.५ चे भोक पाडायचे आणि उरलेले गोल कानशीने.

नंबर आणि उतार

कार्डाच्या टोकाला नंबर असतो, तसा इथेही : ६३. त्याला तिथे नाव, तारीख आणि बदाम हवे होते. ते वगळले गेले हे फार चांगले झाले. आकडे ठोकायचे पंच ३ मिमीचे. बाजारात सहज मिळणारे संच इंग्रजी आकड्यांचे असतात, आणि कारखान्यातही कार्डांवर तेच आकडे लिहितात, म्हणून देवनागरीचा हट्ट धरला नाही. घाव एकच आणि पुरा. दुसरा घाव दिला की आकडा दुहेरी दिसतो. टाकाऊ तुकड्यावर दहा वेळा मारून मगच पट्टीवर. ठोक्याने त्या बाजूचा धातू पसरतो आणि पट्टी उलट बाजूला किंचित वाकते, कडेजवळ फुगवटाही येतो. म्हणून नंबर आधी, शेवटची कानस नंतर. वाक लाकडी मोगरीने सपाट ठोकळ्यावर काढला.

उतार काढायला दीड तास लागला. पट्टी लाकडी फळीच्या कडेला पकडायची, सहा मिमीवर सुईने रेघ, आणि कडेच्या जाडीतही खालून अर्ध्या मिमीवर रेघ. दोन रेघांमधला धातू कानशीने काढत जायचे. घाई करणाऱ्याचा उतार मध्ये खोल आणि टोकांना उथळ होतो, कारण कानशीचे घसरे मध्यावर जास्त पडतात. टोकांपासून सुरुवात करावी.

चकाकी नको

आरशासारखे पॉलिश इथे चूक ठरले असते. ट्यूबलाइटचा झोत डोळ्यावर येतो आणि प्रत्येक बोट उमटते. पॉलिश पेपर २२०, ४००, ६००, शेवटी १०००. सगळे घसरे लांबीच्याच दिशेने, पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटाने घासले की भोकांचे काठ बसके होतात. मग साबणाने धुऊन, वाळवून, थिनरने पुसून. यापुढे उघड्या बोटाने स्पर्श नाही. बोटाचा ठसा लॅकरखाली काही आठवड्यांत तपकिरी होऊन वर येतो, आणि मग तो कायमचा.

पारदर्शक लॅकर स्प्रे, २५ ते ३० सेंमीवरून, दोन पातळ हात. जाड एकच हात दिला तर भोकांत पडदे धरतात. सोलापुरात हे काम डिसेंबर-जानेवारीत करणे सोयीचे : पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकर पांढुरके पडते, मेच्या दुपारी ते पत्र्यापर्यंत पोहोचायच्या आत वाळून खरखरीत बसते. सकाळी दहाच्या सुमारास, पंखा बंद करून मारले. चोवीस तासांनी चामड्याच्या दोन चकत्या, टोकांना, प्रत्येकी १२ मिमी रुंद.

बांधायला कारखान्यातल्याच चादरीच्या कडेचा धुतलेला सुती तुकडा. रबर बँड मुद्दाम नाही. रबरातल्या गंधकाने पितळेवर काळी रेघ उठते.

दिल्यानंतर

यात्रेच्या गर्दीतून बाहेर, सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर तिने ती उघडली. आधी उजेडासमोर धरली, मग उलटी केली, एक नंबरचा कोपरा डावीकडे वर आणला. मधल्या एकट्या रेघेवरून नख फिरवत सहा मोजले. "माझे टाके आहेत की हे," म्हणाली, आणि नंबर नंतर पाहिला.

चार महिन्यांच्या वापरानंतर पट्टीची स्थिती अशी : उताराच्या कडेवरचे लॅकर मधल्या पाच-सहा सेंमीत गेलेले, तिथे पितळ गडद. अंगठा टेकतो तिथे एक डाग. कागदावर काळे अजून उमटत नाही, कारण कडा कागदाला टेकतच नाही. लॅकर गेलेल्या जागेवर तेवढेच नवे मारू नये, सांधा दिसतो; पुरे काढून पुन्हा सगळीकडे मारावे, आणि त्याआधी चकत्या सोडवाव्यात, नाहीतर थिनर चामड्याखाली शिरून गोंद सुटतो. डाव्या बाजूची चकती तशीही एकदा निघाली होती; चिकटवण्यापूर्वी तिथले लॅकर पेपरने खरवडले नव्हते.

तिची तक्रार एकच आली. वाचताना वहीत खुणा करायला पट्टीवर मापाच्या रेघा हव्या होत्या. उताराच्या पातळ कडेवर त्या आता कोरता येणार नाहीत, पंचाच्या घावाने अर्ध्या मिमीची कडा नागमोडी होईल. खालच्या जाड कडेवर मात्र सुईने दर पाच मिमीला ओरखडा काढता येतो, आणि पुढच्या वेळी लॅकर काढले की तेवढे काम ठरले आहे.